‘लायसन्स नको, पासिंग नको’ असं सांगून ई-स्कूटर विकतात, ते कितपत खरं?

सांगलीत विश्रामबागला राहणाऱ्या एका पालकांनी विचारलंय: मुलगी अकरावीत आहे, वय सतरा. कॉलेज आणि शंभरफुटीवरचा क्लास अशी तिची रोजची ये-जा असते, म्हणून इलेक्ट्रिक स्कूटर घ्यायचीय. दुकानदार सांगतो, ‘ही लो स्पीड आहे, लायसन्स, पासिंग, इन्शुरन्स, हेल्मेट, काहीच लागत नाही.’ अमेरिकेतला भाचा म्हणतो, तिकडे ७५० वॅटपर्यंत चालतं. शेजारी म्हणतात, पोलीस धरतात. खरं कुणाचं? आणि हीच गाडी साताऱ्याला सासुरवाडीला नेली, किंवा म्हैसाळच्या पलीकडे कर्नाटकात कागवाड-अथणीला गेली, तर नियम बदलतात का?

सांगली आणि सातारा जिल्ह्यांत मी बरीच वर्षं मोटार अपघाताचे दावे चालवतोय, त्यामुळे दंडाच्या पावतीपेक्षा अपघातानंतर काय होतं ते मला जास्त बघायला मिळतं. उत्तरही त्याच बाजूने देतो.

आधी भाच्याचं बघू. अमेरिकेत सायकलीसारखे पेडल असलेली, ७५० वॅटच्या आतली आणि नुसत्या मोटारीवर ताशी २० मैलांच्या आत राहणारी ई-बाइक विक्रीच्या दृष्टीने सायकलच धरतात. पण ती रस्त्यावर कुणी, कुठे, कोणत्या वयात चालवायची हे तिथलं प्रत्येक राज्य वेगळं ठरवतं. बऱ्याच राज्यांनी त्यासाठी तीन वर्ग केलेत. म्हणजे भाचा म्हणतो ते त्याच्या गावापुरतं बरोबर आहे, पण त्याचा सांगलीच्या रस्त्याशी काडीचा संबंध नाही. इंटरनेटवर ई-बाइक शोधली की तिकडचेच व्हिडिओ पुढे येतात आणि इथले लोक त्यावरून गाड्या मागवतात, म्हणून एवढं सविस्तर सांगितलं. ७५० वॅटची ‘सायकल’ इथे रस्त्यावर आली की ती कायद्याने सरळ मोटार वाहन ठरते.

आपल्याकडे कोणती गाडी मोटार वाहन आणि कोणती नाही, हे राज्य ठरवत नाही. ते केंद्राच्या १९८९ च्या मोटार वाहन नियमांत लिहिलेलं आहे आणि सांगलीला जे लागू तेच कागवाडला, तेच चेन्नईला. बॅटरीवरची दुचाकी मोटार वाहन धरायची नाही, याच्या अटी अशा: मोटारीची ‘तीस मिनिटांची शक्ती’ २५० वॅटच्या आत हवी, जास्तीत जास्त वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत हवा, बॅटरी सोडून गाडीचं वजन ६० किलोपेक्षा जास्त नको, ब्रेक धड हवेत, पुढे पांढरा आणि मागे लाल रिफ्लेक्टर हवा. पेडल मारायची ई-सायकल असेल तर २५ चा वेग आला की, किंवा पेडल मारायचं थांबलं की, मोटारीची मदत बंद झाली पाहिजे. आणि दुकानदार जे कधीच सांगत नाही ते हे, की या अटी पूर्ण होतात असं सरकारमान्य चाचणी संस्थेने तपासून प्रमाणित केलेलं असावं लागतं. पुण्याची एआरएआय, मानेसरची आयकॅट अशा या संस्था. दुकानदाराचा शब्द किंवा गाडीवरचं ‘२५० वॅट’चं स्टिकर म्हणजे प्रमाणपत्र नव्हे.

या सगळ्यात बसणारी गाडी असेल तर दुकानदाराचं म्हणणं बरोबर आहे. तिला पासिंग, लायसन्स, विमा, यातलं काहीच कायद्याने लागत नाही. मुलीचं वय सतरा असलं तरी अडचण नाही. यातली एक जरी अट मोडली तरी मात्र ती गाडी पूर्ण मोटार वाहन होते. तिला नंबर, विमा, अठरा वर्षं पूर्ण झालेला लायसन्सवाला चालक आणि हेल्मेट, सगळं एकदम लागू होतं. अर्धी सूट वगैरे काही नसतं.

आता बाजारात काय चालतं ते बघा. चाचणीला पाठवलेली गाडी खरोखर २५ च्या आतच पळते. दुकानात आली की गिऱ्हाईक पहिलं वाक्य बोलतं, ‘एवढीच पळते?’ मग सीटखालच्या कंट्रोलरमधून आलेली स्पीड लॉकची वायर सोडवतात, किंवा हँडलवरच्या बटणात तिसरा मोड चालू करून देतात. तीच गाडी चाळीस-पंचेचाळीसने पळायला लागते. काही गाड्या तर कारखान्यातूनच मोठी मोटार आणि २५० चं स्टिकर घेऊन येतात. २०२२ च्या उन्हाळ्यात राज्याच्या परिवहन आयुक्तालयाने अशा गाड्यांवर कारवाई करायला सगळ्या आरटीओंना सांगितलं होतं. तेव्हा बऱ्याच गाड्या उचलल्या गेल्या, तरी विक्री थांबलेली नाही.

मग दुकानात उभं राहून ओळखायचं कसं? सीट उचला किंवा पाय ठेवायच्या जागेखालचं झाकण काढायला लावा. आत ॲल्युमिनियमचा कंट्रोलर दिसेल, त्याच्यावर व्होल्ट आणि अँपिअर छापलेले असतात. समजा ६० व्होल्ट, ३० अँपिअर आहे. गुणाकार केला की १,८०० वॅट झाले. आता प्रामाणिकपणे सांगायचं तर हा आकडा क्षणभराच्या कमाल ओढीचा आहे. कायद्यातली तीस मिनिटांची शक्ती म्हणजे मोटार अर्धा तास सलग जेवढं ओढू शकते तेवढी, आणि ती कमाल ओढीपेक्षा बरीच कमी असते. त्यामुळे नुसत्या कंट्रोलरवरून गाडी बेकायदा ठरत नाही. पण २५० वॅटच्या मोटारीला एवढा जाड कंट्रोलर कशाला दिलाय, हा प्रश्न दुकानदाराला विचारावा आणि उत्तर देताना त्याचा चेहरा बघावा.

दुसरी परीक्षा चढाची. साताऱ्याकडची माणसं यवतेश्वरच्या घाटात सहज करू शकतात. गाडी आणि दोन माणसं मिळून वजन २०० किलो धरा, चढ शंभर मीटरला सहा मीटर धरा आणि वेग फक्त ताशी १५ किलोमीटर. नुसतं वजन वर न्यायलाच ४९० वॅट लागतात. हवेचा आणि टायरचा अडथळा वेगळाच. म्हणजे दोघं बसून तुमची स्कूटर घाटात पंधराने सलग चढत असेल, तर तिची मोटार अडीचशे वॅटची नाही. यावर वाद घालण्यासारखं काही उरत नाही. याची दुसरी बाजूही लक्षात घ्या. खरी लो स्पीड गाडी घेतली तर ती सांगलीच्या सपाटीला उत्तम चालेल, साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या अंगाला किंवा यवतेश्वरकडे घर असेल तर मात्र रोज रडेल. सासुरवाडीला न्यायची म्हणताय, त्याचा विचार आधीच करा. आणि न्यायची कशी, हाही प्रश्न आहे. पुणे-बंगळूर हायवेवर ऐंशीने जाणाऱ्या ट्रकसमोर पंचवीसच्या गाडीने जाणं हा जिवाशी खेळ आहे.

तिसरी आणि सगळ्यात सोपी परीक्षा म्हणजे मोबाइलवर जीपीएस स्पीड लावून सपाट रस्त्यावर पूर्ण एक्सलरेटर पिळायचा. गाडीचा मीटर नाही बघायचा, मोबाइल बघायचा. २५ च्या वर काटा गेला की विषय संपला.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहितोय तो भाग. लोक मला नेहमी विचारतात, ‘पकडलं तर दंड किती?’ तेही सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर लायसन्सशिवाय चालवल्याला ५,००० रुपये, लायसन्स नसलेल्याच्या हातात गाडी देणाऱ्या मालकालाही ५,०००, नोंदणी नसलेल्या गाडीला पहिल्या वेळी २,००० ते ५,०००, विमा नसल्यास पहिल्या वेळी २,०००, हेल्मेट नसल्यास १,००० आणि तीन महिने लायसन्स बाद. गाडीत परस्पर बदल केला असेल तर मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. हे मूळ कायद्यातले आकडे झाले. जागेवर तडजोडीने किती घ्यायचं ते राज्य ठरवतं, त्यामुळे ई-चलनावरचा आकडा थोडा वेगळा दिसू शकतो. राज्याच्या हातात असतं ते हेच: तडजोडीचे दर आणि कर.

अल्पवयीनाचं कलम मात्र वेगळं आहे आणि ते प्रत्येक आईवडिलांनी नीट वाचावं. कलम १९९अ. अठराच्या आतल्या मुलाने मोटार वाहन चालवताना गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालक दोषी धरला जातो. २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद. गाडीची नोंदणी १२ महिने रद्द, आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन्स मिळत नाही. मला माहीत नव्हतं, किंवा मी रोखायचा पूर्ण प्रयत्न केला होता, हे सिद्ध करायचा बोजा पालकावर असतो. स्वतः गाडी घेऊन दिलेल्या बापाने ते कसं सिद्ध करायचं? काही जण म्हणतात, सोळा वर्षांनाही लायसन्स मिळतं. मिळतं, पण ती सवलत ५० सीसीपर्यंतच्या इंजिनाला आहे, आणि विजेच्या मोटारीला सीसी नसतात. नंबर प्लेटची ई-स्कूटर घ्यायची असेल तर अठराच धरून चाला.

पण हे सगळे दंड एकत्र केले तरी घर बसत नाही. घर बसतं ते भरपाईच्या निकालाने.

मिरज रस्त्यावरचा एक अपघात मी जवळून पाहिला. सतरा वर्षांचा मुलगा, ‘लो स्पीड’ म्हणून घेतलेली स्कूटर, रस्ता ओलांडणारा एक फळविक्रेता. धडक फार जोराची नव्हती, पण माणूस डोक्यावर पडला आणि गेला. अपघातातली गाडी पोलीस मोटार वाहन निरीक्षकाला दाखवतात, तशी दाखवली. त्यांनी सीट उचलली. स्पीड लॉकच्या वायरीची दोन टोकं एकमेकांपासून सोडवून वेगवेगळी काळ्या चिकटपट्टीने गुंडाळलेली होती. अहवालात ते एका ओळीत आलं, आणि त्या एका ओळीने सगळं फिरलं. गाडी मोटार वाहन ठरली. नंबर नाही, विमा नाही, चालकाला लायसन्स नाही. मुलाच्या वडिलांचं म्हणणं होतं की वायर दुकानदाराने सोडवली, आम्हाला ठाऊकच नव्हतं. ते खरंही असेल. पण भरपाईच्या दाव्यात समोर उभा राहतो तो गाडीचा मालक.

आता हिशेब कसा होतो ते बघा. सर्वोच्च न्यायालयाने २००९ आणि २०१७ च्या निकालांत ही पद्धत घालून दिलीय आणि सगळी मोटार अपघात न्यायाधिकरणं तीच वापरतात. समजा मृत व्यक्ती ३५ वर्षांची, स्वतःचा धंदा, महिना २०,००० कमाई, मागे बायको आणि दोन मुलं. वर्षाचे २,४०,००० झाले. चाळिशीच्या आतला स्वयंरोजगारवाला म्हणून पुढच्या वाढीपोटी ४० टक्के मिळवायचे, झाले ३,३६,०००. तो स्वतःवर खर्च करायचा म्हणून एक तृतीयांश वजा केले की २,२४,००० उरले. ३१ ते ३५ वयाला १६ चा गुणक, म्हणजे ३५,८४,००० रुपये. वर अंत्यविधी, सहवास गमावल्याची वगैरे ठरलेली रक्कम आणि दावा दाखल केल्यापासून व्याज. विमा असता तर हे विमा कंपनीने भरलं असतं. विमा नाही, म्हणजे मालकाने भरायचं. वसुली जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी होऊ शकते. द्राक्षाची दोन एकर बाग विकायला काढलेली माणसं मी पाहिलीत. शिवाय विमा नसलेली गाडी अपघातानंतर पुरेसं तारण दिल्याशिवाय सोडत नाहीत.

याच्यासमोर विम्याचा हप्ता ठेवा. २०२२ साली जाहीर झालेल्या दरांप्रमाणे ३ किलोवॅटपर्यंतच्या नव्या ई-दुचाकीचा पाच वर्षांचा थर्ड पार्टी हप्ता २,४६६ रुपये, अधिक कर. पाच वर्षांचा! आणि मृत्यू किंवा दुखापतीच्या थर्ड पार्टी भरपाईला वरची मर्यादा नाही, न्यायाधिकरण जेवढी ठरवेल तेवढी कंपनीला द्यावी लागते. नोंदणीची गाडी टाळून लोक वाचवतात काय, तर हे अडीच-तीन हजार आणि लायसन्सचा हेलपाटा.

इथे एक बारकावा आहे. गाडी नोंदणीची आहे, विमा आहे, पण चालवणारी सतरा वर्षांची आहे, असं असेल तर? जखमीला किंवा मृताच्या घरच्यांना कंपनी सहसा पैसे देते, पण न्यायाधिकरण तिला तीच रक्कम मालकाकडून वसूल करायची मुभा देतं. म्हणजे फिरून पुन्हा तुमच्याच दारात. मालक-चालकाचा १५ लाखांचा सक्तीचा वैयक्तिक अपघात विमाही लायसन्स नसेल तर मिळत नाही.

खरी, प्रमाणित लो स्पीड गाडी असेल तर चित्र वेगळं आहे. ती मोटार वाहनच नाही, म्हणून तिने कुणाला धडक दिली तर दावा मोटार अपघात न्यायाधिकरणात जात नाही, दिवाणी कोर्टात जातो. भरपाईची जबाबदारी तिथेही असतेच. आणि बेदरकारपणे वाहन चालवण्याचा भारतीय न्याय संहितेतला गुन्हा ‘कोणत्याही वाहनाला’ लागू आहे. नो एंट्री आणि उलट्या बाजूने जाण्याची मुभा लो स्पीडवाल्यालाही नाही. उलट तिच्यावरच्या माणसाला ट्रकने किंवा मोटारीने उडवलं तर तो इतर कुणाहीसारखा न्यायाधिकरणात दावा करू शकतो. लायसन्स नव्हतं, एवढ्यावरून चूक त्याचीच असं कोर्ट धरत नाही. हे सांगायचं कारण, अशा अपघातानंतर काही कुटुंबं ‘आपलीच गाडी बिनकागदाची’ म्हणून घाबरून दावाच करत नाहीत. करा. हक्क तुमचा आहे.

हेल्मेटचं कायद्याने काहीही असो, मुलीला आयएसआय मार्कवालं हेल्मेट घेऊनच द्या. पंचवीसच्या वेगानेसुद्धा डोकं काँक्रीटवर आपटलं की काय होतं, ते वर लिहिलंच आहे.

आता नोंदणीची गाडी घेतली तर काय काय लागतं, ते थोडक्यात. घरच्या वापराच्या ई-दुचाकीला हिरवी नंबर प्लेट, त्यावर पांढरी अक्षरं. सांगलीची असेल तर एमएच १०, साताऱ्याची एमएच ११, कऱ्हाडची एमएच ५०. आरसीची फी केंद्राने २०२१ मध्ये बॅटरीच्या गाड्यांना माफ केली आणि राज्याच्या २०२५ च्या ईव्ही धोरणात मोटार वाहन करही माफ आहे. तरीही कोटेशनमध्ये ‘आरटीओ चार्जेस’ म्हणून मोठा आकडा दिसला तर तो कशाचा, हे ओळीओळीने लिहून मागा. लायसन्स बिनगिअरच्या दुचाकीचं चालतं, गिअरवाल्या मोटारसायकलचं असेल तरीही चालतं. पण फक्त कारचं लायसन्स असेल तर चालत नाही. आमच्याकडे कितीतरी डॉक्टर, प्राध्यापक कारच्या लायसन्सवर ई-स्कूटर चालवतात आणि त्यांना याची कल्पनाही नसते. घरी जाऊन लायसन्सवर दुचाकीचा प्रकार लिहिलाय का ते आजच बघा.

सांगलीकरांसाठी विम्याबद्दल आणखी एक. २००५, २०१९ आणि २०२१ चा पूर ज्यांनी पाहिलाय त्यांना जास्त सांगायला नको. थर्ड पार्टी विमा पुराचं नुकसान देत नाही. कृष्णेच्या बाजूला, गावभागात किंवा पूरपट्ट्यात घर असेल तर स्वतःच्या नुकसानीचाही, लोक ज्याला फुल इन्शुरन्स म्हणतात तो घ्या. ई-स्कूटरमध्ये किमतीचा मोठा वाटा बॅटरीचाच असतो, तेव्हा पॉलिसीत बॅटरी धरलीय का, हे विचारून घ्या. पाण्यात बुडालेली गाडी चालू करून बघू नका आणि चार्जिंगला तर मुळीच लावू नका. जिथे आहे तिथेच फोटो काढा आणि कंपनीला कळवा. चालू करायला गेल्याने नुकसान वाढलं, असं म्हणायला कंपनीला जागा मिळते.

बॅटरीच्या सुरक्षेचा मुद्दाही कागदाशीच जोडलेला आहे. २०२२ मध्ये पुण्यासह देशात ठिकठिकाणी ई-स्कूटर पेटल्या, त्यानंतर बॅटरीच्या चाचण्या कडक झाल्या. त्या वर्षाच्या डिसेंबरपासून एक टप्पा आणि ३१ मार्च २०२३ पासून दुसरा, अशा त्या लागू झाल्या. हे नियम नोंदणीच्या गाड्यांना आहेत. बिनकागदाच्या गाडीत कुठली बॅटरी, कुणी जोडलेली, याला कुणीच जबाबदार नसतं, आणि ती तुमच्या जिन्याखाली रात्रभर चार्जिंगला लावलेली असते. माझा सगळ्यात मोठा आक्षेप इथे आहे.

जुन्या पेट्रोल स्कूटरला इलेक्ट्रिक किट बसवण्याबद्दल बरेच जण विचारतात. मान्यताप्राप्त किट, मान्यताप्राप्त ठिकाणी बसवलेलं आणि आरसीवर इंधनाची नोंद बदललेली, असं असेल तर चालतं. नाहीतर विमा असून नसल्यासारखा.

कर्नाटकात जाण्याचं म्हणाल तर, नोंदणी झालेली गाडी देशभर चालते. दुसऱ्या राज्यात सलग बारा महिन्यांच्या वर ठेवायची असेल तरच तिथला नंबर घ्यावा लागतो. प्रमाणित लो स्पीड गाडीलाही सीमेपलीकडे तीच सूट आहे, फक्त प्रमाणपत्राची प्रत डिकीत ठेवा, कारण तिथला पोलीस तुमच्या दुकानदाराला ओळखत नाही.

तुमच्या मुलीसाठी मी काय करेन? विश्रामबाग ते शंभरफुटी एवढंच अंतर आणि सगळी सपाटी असेल, तर वर्षभरासाठी प्रमाणित लो स्पीड गाडी किंवा पेडलची ई-सायकल पुरेशी आहे. ई-सायकल मला जास्त पसंत आहे, चार्जिंग संपलं तरी घरी येता येतं. ती अठराची झाली की लर्निंग काढा, तीस दिवसांनी पक्कं लायसन्स, आणि मग नंबर प्लेटची स्कूटर. ‘आत्ताच चाळीसने पळणारी घेऊ, नंतर पासिंग करू’ हा विचार मनातून काढून टाका. ज्या मॉडेलला मोटार वाहन म्हणून मान्यताच नाही, त्याची नोंदणी नंतर होत नाही. आरटीओच्या ‘वाहन’ नावाच्या संगणक प्रणालीत ते मॉडेल नसतंच, आणि गाडी रस्त्यावर चालवण्यायोग्य असल्याचा, कारखान्याने द्यायचा दाखला, म्हणजे फॉर्म २२, कुठून आणणार? ती गाडी आयुष्यभर बिनकागदाचीच राहते, विकताना कवडीमोल होते.

पैसे देण्याआधी दुकानदाराकडून तीन गोष्टी घ्या: त्या मॉडेलच्या चाचणी प्रमाणपत्राची प्रत, जीएसटीची पक्की पावती, आणि पावतीवर मॉडेलचं नाव, चासी नंबर, मोटार नंबर आणि ‘कमाल वेग २५ किलोमीटरच्या आत, मोटार २५० वॅटच्या आत’ असं सही-शिक्क्याने लिहून. पावतीवरचं मॉडेल आणि प्रमाणपत्रावरचं मॉडेल अक्षरन् अक्षर जुळतंय का, हे तिथेच उभं राहून बघा. खरा माल विकणारा हे दोन मिनिटांत लिहून देतो. ‘साहेब, एवढं कोण बघतंय’ असं ज्याने म्हटलं, त्याच्याकडून घेऊ नका.

आणि हे वाचणाऱ्या ज्यांनी आधीच चाळीसने पळणारी ‘लो स्पीड’ घेतलीय, त्यांनी आज दोन कामं करावीत. मुलांच्या हातातली किल्ली काढून घ्यावी, आणि दुकानदाराला लेखी कळवावं की तुम्ही सांगितलं होतं तशी ही गाडी नियमात बसत नाही, परत घ्या. व्हॉट्सॲपवर पाठवलं तरी चालेल, पण तोंडी नको. नियमात न बसणारं वाहन विकणाऱ्याला गाडीमागे एक लाख दंड, वर्षभरापर्यंत कैद किंवा दोन्ही कायद्यात आहे, हेही त्यात लिहा. दाद दिली नाही तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा आणि पुढे जिल्हा ग्राहक आयोगात जा. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही आणि वकील लावायची सक्तीही नाही. मुदत दोन वर्षांची आहे, तेव्हा पावतीवरची तारीख आधी बघा.